शाल, श्रीफळ आणि बाब-अल-मांदेब

परवा आमच्या विभागाचा माजी विद्यार्थी मेळावा झाला. आंतरराष्ट्रीय संबंध आणि सामरिकशास्त्र शिकवणारा विभाग. विद्यापीठाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण जे सांगायचं आहे ते राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांना लागू पडेल. दहाची वेळ होती, पावणेअकराला दीपप्रज्वलन झालं. प्रमुख पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं म्हणून त्यांचं भाषण आधी, मग सहा जणांचे सत्कार, आणि मग ‘बदलती जागतिक व्यवस्था आणि भारत’ या विषयावर परिसंवाद. वक्ते चार. जग बहुध्रुवीय होत आहे, हे चौघांनीही सांगितलं. सामरिक स्वायत्ततेवर चौघांचाही भर होता. तिसऱ्या वक्त्यापर्यंत माझ्या शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब डुलक्या घेऊ लागले होते. गलवान खोऱ्यात हिवाळा काढलेला माणूस तो. त्याला कोणी काही विचारलं नाही.

खरा परिसंवाद जेवणाच्या रांगेत झाला. माझ्यापुढे आमच्याच बॅचचा एक मित्र उभा होता. निफाड तालुक्यात त्याची द्राक्षबाग आहे, आणि आसपासच्या बागायतदारांचा माल गोळा करून तो युरोपला पाठवतो. २०२४ च्या हंगामाची गोष्ट तो ताट हातात धरून सांगत होता. येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी बाब-अल-मांदेबच्या सामुद्रधुनीजवळ, तांबड्या समुद्रात, जहाजांवर हल्ले सुरू केले नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि निफाडची द्राक्षं काढणीला येतात जानेवारीपासून. न्हावा-शेव्याहून निघालेले त्याचे कंटेनर सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून रॉटरडॅमला गेले. बारा-पंधरा दिवस जास्त, भाडं कितीतरी जास्त. कंटेनरमध्ये थंडावा असतो, पण थंडावा म्हणजे काही अमृत नव्हे. देठ वाळतो, हिरव्याचा तपकिरी होतो, आणि तिकडचा खरेदीदार मणी बघण्याआधी देठ बघतो.

“आपल्याला एम.ए.ला चोक पॉइंट, समुद्रातल्या त्या चिंचोळ्या वाटा, पाठ करायला लावले होते, आठवतंय?” तो म्हणाला. “होर्मुझ, मलाक्का, बाब-अल-मांदेब. पाच मार्कांची टीप. मी दोनच मुद्दे लिहिले होते.”

“आता किती लिहिशील?”

“आता लिहीत नाही. आता भरतो.”

त्याच्या मागे सीमाशुल्क खात्यात नोकरी करणारी एक ज्युनियर उभी होती. बंदरात अडकलेल्या मालाच्या कागदपत्रांचं त्या महिन्यांत काय झालं, हे तिने सांगायला सुरुवात केली आणि मसालेभाताचं पातेलं आलं. विषय तिथेच राहिला. दुपारच्या सत्रात पुन्हा भाषणं होती.

माझी तक्रार त्या एका मेळाव्याची नाही. महाराष्ट्रात परराष्ट्र धोरण आणि सुरक्षा हे विषय विद्यापीठांत अनेक दशकं शिकवले जाताहेत. त्यातून बाहेर पडलेली माणसं लष्करात आहेत, पोलिसांत, बंदरांवर, बँकांत, वर्तमानपत्रांत, निर्यातीच्या धंद्यात आहेत, स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये ‘अंतर्गत सुरक्षा’ शिकवताहेत, आखातात कारकुनी करताहेत. जग महाराष्ट्राला जिथे जिथे टेकतं तिथे तिथे आपला एक माजी विद्यार्थी उभा आहे. दिल्लीतल्या कुठल्याही अभ्याससंस्थेकडे एवढी माणसं नाहीत. आणि ही माणसं वर्षातून एकदा एका सभागृहात आली की आपण त्यांना दिल्लीचाच उतारा वाचून दाखवतो. त्यांनी काय पाहिलं, हे विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हे विचारणं हेच अशा मेळाव्याचं काम असायला हवं, ते मराठीत व्हायला हवं, आणि त्याची नोंद राहायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तसं स्पष्ट आहे, मग निफाड आणि राजापूरने त्यात लक्ष कशाला घालायचं? धोरण केंद्राचं, हे कबूल. पण ते धोरण जमिनीवर उतरतं ते कुठल्या तरी तालुक्यातच. २०११ मध्ये तीस्तेच्या पाणीवाटपाचा करार ढाक्यात व्हायचा होता. ममता बॅनर्जी गेल्या नाहीत आणि करार राहिला तो राहिलाच. घटनेत काही लिहिलेलं असो, जलपायगुडीचा शेतकरी त्या टेबलावर बसलेला होता. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती मे २०२४ पर्यंत राहिली. लासलगावच्या बाजारात त्याची चर्चा भाव आणि निवडणूक एवढ्यापुरती झाली. ढाक्याच्या बाजारात भारत हा बेभरवशाचा पुरवठादार ठरतो का, या प्रश्नावर आपल्याकडे क्वचितच कोणी बोललं. आणि तिकडून बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क चढवत नेलं तेव्हा वरूड-मोर्शीच्या बागायतदाराला त्याचा फटका बसला. शेजारधर्म म्हणजे काय, हे त्याला कुठल्याही वक्त्यापेक्षा जास्त कळतं.

राजापूर तालुक्याचंच उदाहरण घ्या. माझ्या मते या एका तालुक्यावर आंतरराष्ट्रीय संबंधांचा अख्खा अभ्यासक्रम बेतता येईल. सतराव्या शतकात इथे इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा या वखारीतले इंग्रज आपल्या तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले. व्यापारी म्हणून आलेले परके दुसऱ्याच्या लढाईत उतरले. शिवाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी राजापुरावर चाल करून वखारवाल्यांना कैद केलं. खासगी कंपनीचा माणूस परराज्याच्या युद्धात भाग घेतो तेव्हा त्याला व्यापारी समजायचं की शत्रू, हा प्रश्न आजही जुना झालेला नाही.

याच तालुक्यात माडबनला फ्रान्सच्या मदतीने अणुवीज प्रकल्प व्हायचा आहे. १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. २०१० च्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले तेव्हा त्याचे करार झाले. मग अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची यावर घोडं अडलं, फुकुशिमा घडलं, तिकडे अरेव्हा कंपनी डबघाईला येऊन तिचा अणुभट्ट्यांचा व्यवसाय ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला, आणि इकडे मच्छीमारांचं आंदोलन, गोळीबार, खटले. याच तालुक्यात नाणार. २०१८ मध्ये सौदी अराम्को आणि अबुधाबीची ॲडनॉक या दोन बलाढ्य तेल कंपन्या सहा कोटी टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात भागीदार म्हणून पुढे आल्या, आणि मार्च २०१९ मध्ये राज्य सरकारने भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. पॅरिस, रियाध आणि अबुधाबी यांना एका तालुक्याच्या ग्रामसभांनी थांबवलं. कोणी म्हणेल हे कोकणाचं नुकसान, कोणी म्हणेल कोकण वाचलं. मी दोन्ही बाजूंचे मित्र बाळगून आहे आणि त्यांच्या भांडणात पडत नाही. पण सौदी अरेबियाशी भारताचे संबंध शिकवताना यातलं काहीही वर्गात येत नसेल, तर आपण कुठला देश शिकवतो आहोत?

समुद्राची तऱ्हाही तीच. १९९३ च्या सुरुवातीला रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली. रस्त्यातली माणसं पैशांनी गप्प केली गेली. नोव्हेंबर २००८ मध्ये कराचीहून निघालेले दहा जण कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा त्यांना सर्वांत आधी हटकलं ते कोळ्यांनी. ‘किनारी सुरक्षा’ या शीर्षकाखाली रडार, गस्ती नौका, समन्वय केंद्र असं सगळं येतं. रात्री दीड वाजता परकी होडी कशी ओळखायची हे ज्याला येतं तो कोळी त्या पाठात नसतो. मार्च २०२४ मध्ये नौदलाने अपहृत ‘रुएन’ जहाज सोडवलं, मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरवले, सतरा खलाशी सुखरूप निघाले. ही बातमी सर्वांनी पाहिली. पुढची बातमी फार थोड्यांनी वाचली. पकडलेले ३५ सोमाली चाचे मुंबईत आणून यलो गेट पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले. आंतरराष्ट्रीय सागरी कायदा हा शेवटी बंदरातल्या पोलीस ठाण्याच्या स्टेशन डायरीत उतरतो. सोमाली भाषेचा दुभाषा कुठून आणायचा, ३५ जणांना जेवायला काय द्यायचं, चाचेगिरीविरोधी २०२२ च्या नव्या कायद्याचं कुठलं कलम लावायचं, या प्रश्नांची उत्तरं शोधणारी माणसं मराठी बोलणारी असतात. त्यांच्यातला एखादा आपला माजी विद्यार्थी असेलही. मेळाव्याला आला तर आपण त्याला शाल देऊ.

आता भाषेविषयी. या विषयाची मराठी परिभाषा आपण अशी घडवली आहे की ती वाचून मराठी माणसाने इंग्रजीकडे पळावं. अण्वस्त्रांच्या संदर्भात ‘प्रतिरोधन’ असा शब्द पुस्तकांत येतो. विद्यार्थी तो पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. आता माझ्या आईला मी एवढंच सांगितलं की दोघांकडेही बॉम्ब असल्याने एकमेकांचा धाक राहतो, तर ती म्हणाली, “मग धाक सुटला की झालं.” धाक कसा टिकतो, कसा सुटतो, खोटा धाक किती दिवस चालतो, समोरचाच वेडा असला तर धाकाचं काय होतं, हे सगळं त्या दोन अक्षरांत आहे आणि ते प्रत्येक घरातल्या धाकट्या भावाला ठाऊक आहे. ‘तह’ आणि ‘करार’ यांत आपण फरक करतो. तहाला लढाईचा वास असतो, कराराला दुकानाचा. आज ‘वकील’ म्हटलं की काळा कोट दिसतो, पण पेशवाईत हैदराबादेत, दिल्लीत, श्रीरंगपट्टणला बसलेला आपला वकील म्हणजे राजदूत होता, आणि तो रोज पत्र लिहायचा. दरबारात कोण कोणाच्या शेजारी बसलं, कोणाचा पगार थकला, धान्य काय भावाने मिळतं. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद आहेत, मोडीतले. परराष्ट्र व्यवहाराचं एवढं लेखन ज्या भाषेत झालं, त्या भाषेला आज ‘सामरिक चिंतनाची परंपरा नाही’ असं आपणच म्हणतो.

अर्थात त्या परंपरेचा गर्व करण्याआधी तिच्यातलं भोकही पाहावं. राघोबादादांनी १७८१ मध्ये हनुमंतराव नावाचा वकील लंडनला पाठवला होता. सोबत एक पारशी गृहस्थ होते. इंग्लंडमध्ये त्यांची आबाळ होतेय हे पाहून तिथल्या पार्लमेंटचा सभासद एडमंड बर्क याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, स्वयंपाकाला वेगळी जागा दिली. इंग्रजांचा देश, त्यांची पार्लमेंट, त्यांच्यातले मतभेद आतून पाहिलेला हा मराठी माणूस. आपल्याकडे त्याची आठवण निघते ती परत आल्यावर त्याला कसलं प्रायश्चित्त घ्यावं लागलं म्हणून. त्याने लंडनविषयी काय सांगितलं, ही हकीकत रंगवून कोणी सांगत नाही. सवय जुनी आहे. परदेश पाहून आलेल्याचा आपण एक तर बाट काढतो किंवा सत्कार करतो.

यशवंतराव चव्हाणांचं घ्या. चीनकडून मार खाल्ल्यावर १९६२ मध्ये हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य शाळेतल्या पोरालाही येतं. ते संरक्षणमंत्री असतानाच १९६५ मध्ये दिल्लीत संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था उभी राहिली. २०२० मध्ये त्याच संस्थेला गोव्याच्या मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. म्हणजे एका मराठी संरक्षणमंत्र्याच्या काळात सुरू झालेल्या आणि दुसऱ्या मराठी बोलणाऱ्या संरक्षणमंत्र्याचं नाव धारण करणाऱ्या संस्थेचं काम आपल्याला वाचायचं तर इंग्रजीत. १९६५ च्या युद्धाच्या दिवसांत यशवंतरावांनी लिहिलेल्या नोंदी पुस्तकरूपाने आल्या त्या चाळीसहून अधिक वर्षांनी, त्यांच्या मृत्यूनंतर, त्यांचे सचिव राहिलेल्या प्रधानांच्या खटपटीने, आणि इंग्रजीत. संरक्षणमंत्र्याच्या वहीची ही कथा, तर सुभेदाराच्या आठवणींची काय असणार? सातारा जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण पडले. आजही घरटी एखादा माणूस फौजेत. तिथल्या ओट्यांवर बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, कारगिल सगळं ऐकायला मिळतं. ओट्यावरून ते वहीत येत नाही, एवढंच.

आणि हे वहीत येणं गरजेचं आहे, कारण सरकारी कागद आपल्याला दिसत नाहीत. बासष्टच्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये युद्धांचे इतिहास लिहिण्याचं आणि पंचवीस वर्षांत कागद खुले करण्याचं धोरण जाहीर केलं, चांगलं झालं, पण धोरण आणि दफ्तर यांतलं अंतर आपण सारे जाणतो. कागद बंद असतात तेव्हा माणसं हाच पुरावा. आणि माणसं म्हातारी होतात.

मग विद्यापीठं हे का करत नाहीत? वाईट हेतू कोणाचा नाही. विद्यापीठांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात ‘माजी विद्यार्थी सहभाग’ हा एक स्वतंत्र निकष आहे. त्याला गुण आहेत. गुण मिळवायचे तर पुरावे हवेत: नोंदणीकृत संघटना, सभेचं इतिवृत्त, हजेरीपट, देणगीची रक्कम आणि जिओटॅग केलेले फोटो. म्हणून मेळावा फोटोसाठी होतो. विभागातल्या मंजूर जागा रिकाम्या, निम्मे तास तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात, त्यांना महिनोन्महिने मानधन मिळत नाही, त्यांनीच खुर्च्या लावायच्या आणि त्यांनीच इतिवृत्त लिहायचं. अशा माणसाला ‘तू आता सीमाशुल्कवाल्या बाईंची मुलाखत घे’ म्हणून सांगायला माझीही जीभ रेटत नाही. तरीही सांगतो, कारण जे काम होतंय त्यापेक्षा हे काम जास्त कष्टाचं नाही.

केरळात हे झालं आहे. तिरुअनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून ठरावीक वर्षांनी राज्यातल्या स्थलांतराची पाहणी केली: किती जण आखातात गेले, किती परत आले, किती पैसा पाठवला. कुवेतमध्ये काही बिनसलं तर मलप्पुरममध्ये काय होईल, याचा अंदाज त्यामुळे आकड्यांनी बांधता येतो. खेड, चिपळूण, दापोलीची कितीतरी गावं आखाताच्या मनिऑर्डरीवर उभी आहेत. त्यांच्याकडे पाहायला आपल्याला पश्चिम आशियात युद्ध पेटावं लागतं, तेही दोन दिवस, वाहिनीवर.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. माणसं वाढवून सांगतात, निवृत्तीनंतर तर फारच. वर्दीतल्या माणसाला गोपनीयतेची बंधनं असतात, आणि ती पाळलीच पाहिजेत. कंपनीत नोकरी करणारा कंपनीचीच बाजू सांगेल. बरोबर आहे सगळं. म्हणूनच हे विद्यापीठाचं काम आहे, व्हॉट्सॲप ग्रुपचं नव्हे. मित्राने सांगितलेले जादा दिवस जहाजाच्या नोंदींशी ताडून बघायचे, त्याच आठवड्यात माल पाठवलेल्या दुसऱ्या निर्यातदाराला गाठायचं, दोघांचं जुळत नसेल तर तसं लिहायचं. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरांना प्रबंधिकेला विषय हवाच असतो. ‘भारत-चीन संबंध: एक अभ्यास’ या नावाच्या प्रबंधिका मी एवढ्या पाहिल्यात की आता चीनलाही कंटाळा आला असेल.

आणि मराठीत करा म्हणजे इंग्रजी सोडा, असं कोणी ऐकू नये. उलट आणखी भाषा शिका. वसंत परांजपे १९४७ मध्ये चिनी शिकायला पेकिंगला गेले आणि पुढे नेहरू आणि चिनी नेते यांच्यामध्ये दुभाषी म्हणून उभे राहिले. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस युद्धभूमीवर चिनी शिकले. ज्यांचा पाय घरच्या भाषेत घट्ट होता त्यांना परकी भाषा जड गेली नाही. माझा मुद्दा साक्षीच्या भाषेचा आहे. निफाडचा बागायतदार देठ वाळल्याचं इंग्रजीत सांगायला गेला तर ‘सप्लाय चेन डिसरप्शन’ म्हणेल, आणि देठ गळून पडेल.

मेळाव्याच्या शेवटी सगळ्यांना अभिप्रायाचे फॉर्म वाटले. अभ्यासक्रम नोकरीस उपयुक्त होता का: उत्कृष्ट, चांगला, समाधानकारक. ग्रंथालय: उत्कृष्ट, चांगलं, समाधानकारक. माझा मित्र बराच वेळ पेन चावत बसला. मग त्याने फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या पाठीवर लिहायला लागला. कंटेनर कधी निघाले, कुठे थांबले, भाडं किती वाढलं, रॉटरडॅमच्या खरेदीदाराने किती कापून घेतले. पान भरलं. टेबलावर फॉर्म गोळा करणाऱ्या विद्यार्थिनीने ते वळवून पाहिलं आणि फार अदबीने म्हणाली,

“सर, पुढच्या बाजूला टिक करा ना. स्कॅन फक्त पुढचीच बाजू होते.”